दौलतभाऊंचं इंग्रजी आडनाव

औरंगाबाद, १९९३

सोम. २२ नोव्हें.
चिकलठाण्याला जाऊन आलो. कंपनीच्या गेटवर युनियनचे दौलतभाऊ भेटले. १३ डिसेंबरला गेटसभा. विद्यापीठाच्या नामांतराला पाठिंबा देणारा ठराव मांडणार. जमीनवाल्या घरची पोरं आणि वस्तीतले कामगार एकाच ठरावाला हात वर करतील, म्हणाले. करतीलही. भाऊंची जात बारा वर्षांत कुणाला कळलेली नाही. विचारलं की एकच उत्तर: "आडनाव गावाकडं ठिवून आलो."

मुंबईच्या इंग्रजी दैनिकाला बातमी फॅक्स केली. लगेच तिथल्या डेस्कवरच्या उपसंपादकाचा फोन. दुसऱ्यांदा उल्लेख येतो तिथं मिस्टर आणि आडनाव, असा त्यांचा नियम. 'भाऊ' चालत नाही. म्हटलं, हा माणूस आडनाव लावत नाही. तो म्हणाला, असं कसं? मी फोन ठेवला.

गुरु. २५
छापून आलं. मिस्टर देशमुख! फॅक्सची मूळ प्रत काढून पाहिली. त्यात देशमुख कुठंच नाही.

शुक्र. २६
इथल्या सायंदैनिकानं इंग्रजीवरून उचललं: 'कामगार नेते दौलत देशमुख'. नुसतं इंग्रजीत राहिलं असतं तर गेटवर कुणी वाचलंही नसतं.

डेस्कला आडनाव पुरवलं कुणी? कंपनीचा कामगार अधिकारी फाडफाड इंग्रजी बोलतो. मुंबईत ओळखी आहेत. ठरावावरून युनियन फुटली तर फायदा त्याचाच.

मंगळ. ३०
पॅकिंगमधल्या शांताबाई गेटवर भेटल्या. नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं, तेव्हापासून छावणीच्या वस्तीत राहतात. दुपारी भाऊंचा आणि त्यांचा डबा एकत्र. चार दिवस झाले, त्या वेगळ्या बसतात.

"बारा वर्सं माझी भाकर खातोय," म्हणाल्या. "आता कळंना, भुकेनं खात व्हता का दाखवायला."

ठरावाला हात वर करणार ना, विचारलं. "नाव तर पायजेच. त्याच्यासाठी घर गेलं माझं. पर देशमुखानं दिल्यावानी नको." त्या हात वर करणार नाहीत. त्यांच्या मागं बसणाऱ्या बायकाही नाहीत.

शुक्र. ३ डिसें.
दौलतभाऊंना गाठलं. मघाशीच दोन जमीनवाली पोरं त्यांना चहा पाजून गेली होती. महिन्यापूर्वी हीच पोरं ठरावाच्या नावानं तोंड फिरवत होती. आता म्हणतात, भाऊ आपलेच निघाले, मग हरकत काय.

खुलासा करा, म्हटलं. "तेरा तारीख होऊ द्या."
शांत माणूस. फार शांत. इकडचे हात वाढले, तिकडचे गेले. हिशोब यांनीच तर मांडला नसेल? शेवटी विचारून टाकलं, मुंबईला तुम्हीच कळवलंत का? "तुमी लई वर्सं वळखता मला," एवढंच म्हणाले आणि उठले. माझा संशय गेला नाही. उलट.

गुरु. ९
डेस्कला थेट विचारलं, आडनाव कुणी दिलं? तुम्हीच, म्हणाला. आमच्या फाइलीत आहे.

तासाभरानं कात्रणाचा फॅक्स आला. चार वर्षांपूर्वीच्या संपाची बातमी, वर माझं नाव, आत मिस्टर देशमुख.

आठवलं. याच खोलीतून, गुलमंडीतल्या, फोनवर बातमी सांगत होतो. लाइन मिनिटामिनिटाला तुटत होती, अंकाचं पान छपाईला जायला दहा मिनिटं. तिकडून आडनाव, आडनाव चाललेलं. समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी दिसली, ती वाचून दाखवली. बातमी वेळेत गेली. मी विसरून गेलो.

पंधरा दिवस सगळ्यांकडं संशयानं बघून झालं.

शनि. ११
खुलासा सोमवारच्या अंकात येऊ शकतो. सोमवारीच सभा. डेस्कची अट: नुसतं 'देशमुख नव्हेत' छापता येत नाही, बरोबर आडनाव द्या. आज सहाच्या आत.

सकाळी दौलतभाऊंना बोलावून सगळं सांगितलं. कात्रण हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. इंग्रजी वाचता येत नाही त्यांना.

"म्हंजे देशमुख तुमी केलं, आन् वहीम माझ्यावर."
मी खुलाशाचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. मिस्टर दौलत, पुढं मोकळी जागा.
"खरं लिवलं तर पोरं जातील. नाय लिवलं तर शांताबाई गेलीच हाय." पेन घेतलं, परत ठेवलं. "डब्याची येळ झाली. आधी तिला सांगून येतो. तवर जागा मोकळी ठिवा."
सायकल घेऊन चिकलठाण्याकडं गेले.

साडेपाच झाले. अजून आलेले नाहीत. डेस्कचा दोनदा फोन. खिडकीतून औषधाच्या दुकानाची पाटी दिसते, म्हणून खुर्ची फिरवून बसलोय.