विचारलं तेवढंच

पप्पा, उद्या नरपडच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या जेट्टीची जनसुनावणी आहे, आणि तुमची आयुष्यभराची शिकवण मी गेल्या आठवड्यात मोडून बसले आहे. समोर बारावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे, पण एकही तपासून होत नाही. कुणाशी तरी भांडल्याशिवाय हात चालायचा नाही, आणि सरावलीच्या या घरात भांडायला आता तुमच्याशिवाय कुणी हाताशी नाही. आई गेल्यापासून तर तुम्ही दोघं भिंतीवर शेजारी शेजारी, एकमताने गप्प. तेव्हा ऐकून घ्या.

तलासरीच्या कचेरीतली तुमची खिडकी मला अजून दिसते. शाळेला सुट्टी आहे, घरात कटकट करते म्हणून आईने मला तुमच्याबरोबर पाठवलं आहे, आणि तुमच्या मागे स्टुलावर बसून मी पाय हलवते आहे. खिडकीबाहेर पाड्यावरून चालत आलेला एक म्हातारा आहे. ‘कदी येव, साहेब?’ असं तो विचारतो आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, सोमवारी या. तो आधीच्या सोमवारीही आलेला असतो. त्याच्या कागदावर समोरच्या खोलीतला शिक्का नाही, एवढंच अडलेलं आहे. हे मला ठाऊक आहे, कारण चहा पिताना तुम्हीच ते शेजारच्या टेबलाला सांगितलंत. मी स्टुलावरूनच ओरडते की आजोबा, समोरच्या खोलीत शिक्का मिळतो. म्हातारा गेला, शिक्का मारून आला आणि दाखला घेऊन घरी निघून गेला. तुम्ही कचेरीत एक अक्षर बोलला नाहीत. रात्री स्वयंपाकघरात, आई तांदळाच्या भाकऱ्या थापत असताना, आवाज जराही न चढवता म्हणालात, ‘विचारलं तेवढंच सांगायचं. जास्त सांगतो त्याला उद्या जबाबदार धरतात.’ आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली की त्या म्हाताऱ्याला ठाऊकच नाही तर तो विचारणार कसा? तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि कालवण वाढ म्हणालात.

तुम्ही कधी कुणाचा पैसा घेतला नाहीत. दिवाळीला आलेली मिठाईची खोकी तुम्ही दारातूनच परत पाठवायचात आणि आम्ही मुलं आतून बघत राहायचो. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे, आणि म्हणूनच राग आवरत नाही. कचेरीबाहेरच्या झाडाखाली तो एजंट बसायचा, आठवतो? कुठल्या खोलीत जायचं, कुणाला काय विचारायचं, एवढंच सांगायचे तो पैसे घ्यायचा. तुम्ही त्याला चोर म्हणायचात. पण पप्पा, त्याचा धंदा तुमच्या गप्प बसण्यावर चालायचा. तुम्ही फुकट सांगितलं असतंत तर तो उपाशी मेला असता. लाल बावट्याचे मोर्चे यायचे तेव्हा तुम्ही खिडकी लावून घ्यायचात आणि मोर्चा गेला की पुन्हा उघडायचात. राजकारण आपलं काम नाही, असं म्हणायचात. दिवसभर पाड्यावरच्या माणसांना परत पाठवत राहणं हेही राजकारणच होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंच नव्हतं ना.

दहावीनंतर तुम्ही मला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणून दिलात. त्याला स्वतः खाकी कव्हर घातलंत. मग तो काचेच्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकलीत. मागितला की काढून द्यायचात, कधी नाही म्हणाला नाहीत. शेजारची मुलं मागायला आली की सांगायचात, ‘इथे बसून बघा हवा तेवढा, बाहेर न्यायचा नाही.’ तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या खुर्चीवर बसून शब्द शोधायला कोण येणार? हळूहळू यायची बंद झाली. तुम्ही म्हणालात, बघा, कुणाला गरजच नाही.

जेट्टीचा अहवालही तसाच सर्वांसाठी खुला आहे. कार्यालयात कामाच्या वेळेत जायचं, तिथे बसून वाचायचा, बाहेर न्यायचा नाही. इंटरनेटवर आहे तो इंग्रजीत. मराठी सारांश दिला आहे, पण तो अशा मराठीत की मी ती भाषा शिकवून पोट भरते आणि मलाही एकेक वाक्य दोनदा वाचावं लागलं. नरपडची एक बाई तो सारांश पिशवीत घालून कॉलेजात आली. तिचा मुलगा माझ्याकडे शिकून गेलेला. मासळी सुकवून विकते, बोलायला तिखट. नमस्कार नाही, चमत्कार नाही, कागद टेबलावर ठेवून म्हणाली, ‘हे मराठी हाय ना? मग आम्हाला का नाय कळत?’ मी हसले. ती हसली नाही. आमच्याकडे येऊन सगळ्यांना वाचून दाखवा, असं सांगून ती उठली, आणि मी हो म्हणून बसले.

रविवारी तुमच्या कचेरीतले काका आले. तुमच्या हाताखाली काम शिकले ते, आता मोठ्या खुर्चीवर आहेत आणि निवृत्तीला आले आहेत. वाडीतले चिकू घेऊन आले, तुमच्या फोटोला हात जोडले, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विषयावर आले. कॉलेजला अनुदान सरकारचं आहे, संस्थेच्या लोकांना फोन गेला आहे, माझी नोकरीची बरीच वर्षं अजून उरली आहेत. धमकी नव्हती, पप्पा. काळजीच होती, आणि त्यामुळे जास्त भीती वाटली. ‘वाचून दाखवायला कुणाची ना नाही,’ ते म्हणाले, ‘सार्वजनिक कागद आहे. पण अर्थ कशाला सांगता? अर्थ सांगितला की ती चिथावणी होते.’ मी त्यांना एकच विचारलं. इतक्या वर्षांत पप्पांनी कधी, एकदा तरी, कुणाला विचारल्यापेक्षा जास्त काही सांगितलं होतं का? मला वाटलं, एखादी गोष्ट निघेल. तुम्ही कुणाला तरी चहाच्या टपरीवर गाठून हळूच काही सांगितलं असेल आणि आम्हाला कळू दिलं नसेल. काकांनी खरंच आठवून बघितलं. ‘नाही,’ म्हणाले, ‘कधीच नाही. म्हणून तर त्यांच्यावर कधी बालंट आलं नाही.’ त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. मी चिकू आत नेऊन ठेवले.

तरी गेले. संध्याकाळी देवळासमोर बायका बसल्या होत्या, पुरुष मागे उभे होते. नुसतं वाचायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं, खोटं कशाला सांगू? बोंबील सुकवायचे मांडव उभे राहतात त्या जागेचा उल्लेख आला. सारांशात लिहिलं होतं, ‘रिक्त व अनुत्पादक भूखंड’. रिक्त म्हणजे काय, कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, मोकळी जागा. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती तिखट बाई म्हणाली, ‘मोकलीच हाय ती. कोनी पन येऊन मासली सुकवावी. खरंच लिवलंय की.’ आणि मागचा एक जण म्हणाला, सुनावणीत साहेबांनी विचारलं तर आपण सांगू, होय, जागा मोकळीच आहे.

पप्पा, पान उलटायला उचललेला हात मी मागे घेतला. त्यांनी विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. तुमच्या नियमात मी तिथे थांबायला मोकळी होते. पान उलटून पुढे वाचलं असतं तर कुणी मला बोल लावला नसता, काकांनी पाठ थोपटली असती. आणि ही माणसं उद्या माइकवर आपल्या तोंडाने सांगून आली असती की जागा मोकळी आहे, तसं इतिवृत्तात लिहून घेतलं गेलं असतं, आणि मग ती जागा कायमची गेली असती. त्यांच्या तोंडात मोकळी म्हणजे सगळ्यांची. कागदावर मोकळी म्हणजे कुणाचीच नाही. मी कागद खाली ठेवला आणि हे सांगितलं. ती जागा कुणाच्याच नावावर नाही, तिथे कुणी काम करतं असंही अहवालात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून ती घेताना कुणाला काही द्यावं लागणार नाही, हेही सांगितलं. सुनावणीत ‘मोकळी’ हा शब्द उच्चारू नका, कोण, कधीपासून, काय सुकवतं ते सांगा, असंही. कुणी विचारलं नव्हतं. मी बोलत सुटले. बायका आपसात भांडायला लागल्या, एक म्हातारी रडायला लागली, आणि मागचे दोन पुरुष निघून गेले. ते कुणाला जाऊन सांगणार हे मला कळलं.

निघताना त्या बाईने वाट अडवली. सुनावणीत तुम्ही उभ्या राहून बोलनार ना, असं तिने विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर संस्थेची माणसं आली, काकांचा चेहरा आला. मी म्हटलं, मला कुणी विचारलं तर सांगेन. बोलले आणि जीभ चावली, कारण आवाजसुद्धा तुमचाच होता.  ती पदर खोचत म्हणाली, ‘बरं. मग मीच विचारीन, सगळ्यांम्होरं.’

तेव्हा उद्या ती विचारणार आहे. ती बोलल्याशिवाय राहणारी नाही, आणि माझं नाव तिला माहीत आहे. पुढच्या रांगेत काका असतील, संस्थेचं कुणीतरी असेल. मी उभी राहणार, उत्तर देणार, त्याचं काय होईल ते मला ठाऊक नाही. लाल पेनने मुलांच्या पेपरावर नुसत्या रेघा ओढते आहे.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. पण तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते. इतकं तुमच्याशी भांडले, पण तुम्ही असतात तर मी नरपडला गेले नसते. तुम्ही अडवलं नसतंत. दारात नुसतं बघितलं असतंत, आणि मी पायातली चप्पल काढून परत आत आले असते.