आलोच, हात धुतो

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी.
ठरलं. ढब्बूला मी सांभाळणार. पाळणाघर नाही.
ही पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला कामावर परत रुजू होते. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात, सकाळची शिफ्ट. मी चष्म्याच्या दुकानात दुपारनंतरची वेळ मागून घेतली. मालक हो म्हणाला. म्हणजे सकाळ माझी, दुपारपासून ही घरी. गणित जमतं.
हिची एक अट आहे. महिनाअखेरपर्यंत ढब्बूने एक अख्खी सकाळ माझ्याजवळ काढली पाहिजे. खाल्लं पाहिजे, झोपलं पाहिजे आणि रडून घर डोक्यावर घ्यायचं नाही. नाहीतर पाळणाघर. गल्लीच्या टोकाच्या मावशींनी जागा धरून ठेवली आहे.
पाळणाघर मी पाहून आलो. तिथे एक लाकडी घोडा आहे. सगळी मुलं त्याचा कान चोखतात. कानाचा रंग उडाला आहे. यापुढे बोलण्यासारखं काही नाही.
ढब्बू दहा महिन्यांचा. अजून माझ्याकडे येत नाही. येईल. बाप आहे मी त्याचा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.
नियम लिहून फ्रिजवर लावले. बाहेरून आल्यावर हात धुवायचे. ढब्बूला घेण्याआधी हात, घेतल्यानंतर हात. कडी, फोन, रिमोट, ताईचं दप्तर यांना स्पर्श झाल्यास हात. (ताई म्हणजे मोठी. वय चार. ढब्बू झाल्यापासून तिला सगळे ताई म्हणतात.) नळापाशी अडलो. घाण हाताने नळ उघडतो, धुतलेल्या हाताने तोच बंद करतो. मग धुतलं काय? कोपराने बंद करायचा ठरवलं.
हिने उभ्याउभ्या वाचलं. म्हणाली, फ्रिजला हात लागला तर?
मुद्दा बरोबर होता. जोडून घेतला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.
पहिला प्रयत्न. ही मुद्दाम खाली भाजी आणायला गेली. ढब्बू रडला. मी आलोच म्हणून ओरडलो आणि हात धुवायला गेलो. नीट धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. बाहेर येतो तर ढब्बू अप्पांच्या पोटावर पालथा पडून हसतोय.
अप्पा म्हणजे माझे वडील. भावाकडून काही दिवस राहायला आले आहेत. त्यांच्या बोटांना पेपरची शाई होती. ढब्बूच्या गालावर तिचा डाग. मी म्हटलं, अप्पा, हात. ते म्हणाले, अरे, रडत होतं पोर. तुझं अंघोळपाणी उरकेपर्यंत त्याला दाढी फुटली असती.
आजचा प्रयत्न ग्राह्य नाही. अप्पा मध्ये पडले.

रविवार, ९ फेब्रुवारी.
लोकांना वाटतं मला वेड लागलंय. लोकांना दिसत नाही. मी दिवसभर काचा पुसतो. बोट कुठे कुठे टेकतं ते मला माहीत आहे. लिफ्टच्या बटणावर, बसच्या दांड्यावर, जिन्याच्या कठड्यावर मला ठसे दिसतात. एकावर एक.
शिवाय ढब्बू वेळेआधी आला होता. दोन महिने आधी. काचेच्या पेटीत होता. पेटीला दोन भोकं होती, त्यांतून हात आत घालायचा. त्याआधी कोपरापर्यंत धुवायचे. सगळे बाप धुवायचे, पण घाईत. मी घाई केली नाही. तिथली नर्स मला म्हणाली, असे हात धुणारा बाप मी पाहिला नाही हो. तिनेच ढब्बू नाव ठेवलं. मुठीएवढा होता तेव्हा. म्हणाली, नाव ऐकून तरी भरेल.
भरला. उगाच नाही भरला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दुपारी.
मोठी प्रगती. ढब्बूने आपणहून मला हात लावला. ही त्याला कडेवर घेऊन उभी होती, मी समोर. त्याने वाकून माझा चष्मा पकडला. दोन्ही काचांवर पाच-पाच बोटं. हसला. एक दात.
चष्मा लगेच धुतला, स्प्रे मारून. मग त्याचे हात. तेवढ्यात तो हिच्या खांद्यावर तोंड खुपसून रडायला लागला. ही म्हणाली, जरा हसला असतास त्याच्याकडे बघून. म्हटलं, चष्म्याशिवाय दिसत नाही मला.
तरी प्रगतीच.

बुधवार, १२ फेब्रुवारी.
ताई बाहुली घेऊन घर-घर खेळत होती. शेजारची मुलगी आई झाली. ताई म्हणाली, मी बाबा. मग ती मोरीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. कोपर वर. शेजारची म्हणाली, अहो, बाळ रडतंय. ताई म्हणाली, आलोच. शेजारची पुन्हा म्हणाली, अहो, बाळ रडतंय. ताई म्हणाली, आलोच. बराच वेळ हाच खेळ. शेवटी शेजारची कंटाळून घरी गेली. ताई तशीच उभी.
मुलं बघून शिकतात ती अशी. समाधान वाटलं.
ही दारातून बघत होती. मग आत गेली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.
ताईच्या बालवाडीतून बोलावणं. बाईंचं म्हणणं, मुलं रांगेत एकमेकांचा हात धरून चालतात, ताई कुणाचा धरत नाही. रांग तुटते. काल ती रस्त्याच्या कडेला एकटीच मागे राहिली होती. बाई तावातावाने बोलत होत्या. मी म्हटलं, रुमाल धरू दे, एक टोक ताईने, एक टोक पुढच्याने. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. बहुतेक पटलं.
जाताना त्यांनी हात पुढे केला. मी नमस्कार केला.

शनिवार, १५ फेब्रुवारी.
हातांना थोड्या भेगा पडल्यात. कामाचे हात असेच असतात. दुकानात एका बाईंना नवा चष्मा दिला, डाव्या काचेवर लाल रेघ. बाई दचकल्या. मालकाने विचारलं, काच फुटली काय रे? म्हटलं, नाही, बोट. तो म्हणाला, सोमवारपासून तू फ्रेम लावायच्या, काचेला हात लावायचा नाहीस.
फ्रेमचं काम जबाबदारीचं असतं.
साबण बदलला. हा जास्त झोंबतो. म्हणजे पोचतो आतपर्यंत.

सोमवार, १७ फेब्रुवारी.
अप्पा भावाकडे परत गेले. रिक्षात बसताना म्हणाले, लहानपणी तू माझ्या चपलेचा पट्टा तोंडात धरून झोपायचास, काढून घेतला की बोंब मारायचास. जगलास ना?
असल्या आठवणींना शास्त्रीय आधार नसतो.
ढब्बू रिक्षामागे हात हलवत राहिला. मग रडला. मी घ्यायला गेलो, पण नुकतीच रिक्षाची दांडी धरली होती. ही म्हणाली, राहू दे.
आता मात्र मैदान मोकळं आहे. आता ढब्बूपुढे मीच.

गुरुवार, २० फेब्रुवारी. दुपारी, ही आल्यावर.
आज परीक्षा होती. ही सकाळीच ताईला सोडून पुढे मैत्रिणीकडे गेली. म्हणाली, दुपारपर्यंत फोन करू नकोस. करायचाच असेल तर कर.
सविस्तर नोंद ठेवतो. सुरुवात चांगली. ढब्बू दाराकडे बघत बसला होता, रडत नव्हता. मऊ भात कालवला. चमचा खाली पडला. चमचा उकळला. ढब्बू रडायला लागला. चमचा निववला, चमचा धरायचा म्हणून हात धुतले. एक घास गेला. दुसऱ्या घासाला त्याने माझं बोट धरलं आणि जमिनीवरचा हात भातात घातला. भात टाकला. नवा कालवला. मला वाटतं त्या वेळी तो बराच रडत होता. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई खाली आल्या, दाराबाहेरून विचारलं, घेऊ का मी? म्हटलं, आलोच, हात धुतोय. त्या म्हणाल्या, अहो, तुम्हाला नाही, बाळाला. मी दार उघडलं नाही. त्यांना खोकला आहे.
मग अचानक शांतता.
बाहेर आलो. ढब्बू सरपटत बाथरूमच्या दारापर्यंत आला होता आणि तिथेच उंबऱ्यावर गाल टेकून झोपला होता. हुंदके देत. झोपेतसुद्धा. म्हणजे तो माझ्यामागे आला. हिच्या मागे नाही, दाराकडे नाही. माझ्यामागे.
उचलून गादीवर ठेवायचं होतं. पण दाराला हात लागला होता. परत आत गेलो. तेवढ्यात ही आली.
खाल्लं, थोडं. झोपला. तीनपैकी दोन अटी पूर्ण. हिला तसं सांगितलं. तिने ढब्बूला उचललं, त्याच्या गालावरचा फरशीचा वळ अंगठ्याने चोळत राहिली. म्हणाली, किती वेळ होता असा?
म्हटलं, नळ चालू होता.

शनिवार, २२ फेब्रुवारी.
ढब्बूच्या हनुवटीवर फोड. वर पिवळसर खपली. काल एक होता, आज तीन. मला माहीतच होतं. अप्पांची शाई. नाहीतर ताईची बालवाडी. नाहीतर आजीबाई, दार बंद होतं तरी. हिला म्हटलं, बघ, मी सांगत होतो. इतकं करूनही.
मी इतकं करूनही.
आज जेवलो नाही. ढब्बू झोपला होता, लांबून बघत बसलो. पेटीत असायचा तेव्हा असाच बसायचो. काचेपलीकडे छाती हलताना दिसायची.

सोमवार, २४ फेब्रुवारी.
मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी फोड बघितले, म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही, पण पसरतं हे. घरात कुणाच्या हातांना काही आहे का?
मी लगेच हात पुढे केले. म्हटलं, माझेच बघा आधी. घरात इतके स्वच्छ हात दुसऱ्या कुणाचे नाहीत.
त्यांनी दिवा ओढला. भेगांमध्ये बघितलं, अंगठ्याच्या बुडाशी पिवळी खपली होती तिथे थांबल्या. मग हिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.
म्हणाल्या, इथूनच गेलंय.
मी म्हटलं, कुठून?
म्हणाल्या, कातडी ही भिंत असते हो. धुऊन धुऊन तुम्ही तीच पाडलीत. आता भेगांत जंतूंची वस्तीच झालीय. जेवणाआधी धुवा, संडासला जाऊन आल्यावर, बाहेरून आल्यावर, बाळाची शी आवरल्यावर. साधा साबण, नंतर मलम. बाकी वेळ मूल घ्या. पण आत्ता मलम, गोळ्या आणि सुती हातमोजे. मी सांगेपर्यंत बाळाला हात लावू नका.
हात लावू नका. मला.
दुसरं मत घ्यावं. या मुलांच्या डॉक्टर आहेत. मोठ्या माणसांच्या हातांचं यांना काय कळणार.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.
दुसरं मत घेतलं. पहिल्यासारखंच. दुसऱ्यांनी फी जास्त घेतली आणि हसलेसुद्धा.
संध्याकाळी हिने पाळणाघरात फोन केला. हो, सोमवारपासून, म्हणाली. मी म्हटलं, महिना संपायचा आहे अजून. हिने फोन ठेवला. मग सगळं एकदम आलं. म्हणाली, आमच्या ऑफिसात आपल्या घराचा मीटर कुणी पाहिला तर पाईप फुटलाय म्हणून माणूस पाठवतील. ताई कुणाचा हात धरत नाही, ते तुला दिसत नाही. आणि ढब्बू. अरे, घरी येऊन नऊ महिने होत आले त्याला. तुला तो अजून काचेतच दिसतो.
मी म्हटलं, मला त्याला काही व्हायला नकोय.
म्हणाली, मला तरी हवंय का? मग हातमोजे घातलेले माझे हात तिने धरले. कितीतरी दिवसांनी कुणी धरले. मलम कापडातून बाहेर आलं होतं.
घोड्याच्या कानाबद्दल बोलायचं होतं. बोललो नाही.

रविवार, २ मार्च.
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ढब्बूचे फोड गेले, माझ्या भेगा भरत आल्या. म्हणाल्या, घ्या आता बिनधास्त.
तो झोपला होता. झोपमोड नको. उद्या घेईन. पाळणाघरातून मीच आणणार, हिचं पहिला आठवडा उशिरापर्यंत काम आहे. दुकानातून रोज तासभर सुटी घेतली.
एका परीने बरंच झालं. दिवसभर परक्या लोकांत राहिला की आपल्या माणसाची किंमत कळते.

सोमवार, ३ मार्च.
गेलो. फाटकापाशी उभा राहिलो. मावशी ढब्बूला कडेवर घेऊनच बाहेर आल्या. त्याच्या गळ्यात दुसऱ्याच कुणाचं लाळेरं, गुडघे काळे, केसात काहीतरी चिकटलेलं. मावशी म्हणाल्या, गुणी आहे हो पोरगं, पोटभर जेवला, दणकून झोपला. बघ रे, कोण आलंय?
ढब्बूने बघितलं. ओळखलं. आणि झेपावला. दोन्ही हात पसरून, अख्खा बाहेर झुकून, मावशींचा तोल जाईपर्यंत. माझ्याकडे. पहिल्यांदा.
मी म्हटलं, एक मिनिट.
फाटकाची कडी काढली होती ना मी. शेजारी नळ होता. बारीक धार. साबण लावला नाही, फार वेळ घेतला नाही. मागून मावशी म्हणाल्या, अहो, घ्या की! मी म्हटलं, आलोच.
वळलो तेव्हा तो त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून त्यांच्या गाऊनचं बटण ओढत होता. मी हात पुढे केले. ओले होते. त्याने बघितलं आणि तोंड फिरवलं. मावशी म्हणाल्या, आता नाही यायचे साहेब, मूड गेला.
त्यांनीच त्याला बाबागाडीत बसवलं. मी ढकलत आणलं. वाटभर तो माझ्याकडे पाठ करून रस्ता बघत होता.
ही घरी आल्याआल्या म्हणाली, आला का तुझ्याकडे?
मी हो म्हटलं. झेपावला, हे खरं आहे. मावशी साक्षीला आहेत.
उद्या दुकानातून हात धुऊनच निघायचं. वाटेत कशालाही हात लावायचा नाही. फाटक मावशींना उघडायला सांगायचं.