दुसऱ्याने भरलेली पिशवी

बाबा,

उद्या शुक्रवार. भिवंडीतले कापडाचे लूम अजूनही शुक्रवारीच बंद असतात, आणि आपल्या गल्लीत तेवढाच एक दिवस माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतं. उद्या सकाळी मी आणि माझी लेक वज्रेश्वरीची एसटी धरून डोंगरावर जाणार आहोत, वरच्या देवाला नव्या भाताच्या लोंब्या वाहायला. गावाहून चुलतभावाने लोंब्यांची जुडी पाठवलीय, ती ओट्यावर पाण्याच्या लोट्यात उभी आहे. तू माझ्या लेकीला पाहिलं नाहीस. ती झाली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. कपाळ तुझं आहे, हट्टही तुझाच. आत्ता आतल्या खोलीत बसून ती माझी पिशवी भरतेय, आणि तिची मी मघाशीच भरून दाराशी ठेवलीय. तुझा नियम मी तिला ती लहान असतानाच सांगितला होता. ती एवढी वर्षं कॉलेजच्या पोरांबरोबर डोंगर हिंडली, तेव्हाही जोडीदाराची पिशवी आपण भरायची हे तिने त्या पोरांनाही शिकवलं म्हणे. पोरं आधी हसली, मग करायला लागली.

नियम साधाच होता. डोंगरावर जाताना आपली पिशवी आपण भरायची नाही, बरोबरच्याने भरायची, आणि पायथा येईपर्यंत उघडून बघायचं नाही. मी पहिल्यांदा कारण विचारलं तेव्हा तू म्हणालास, "आपली आपून भरली का मानूस आलस करतो. म्हनतो, चालल, काय व्हतंय. दुसऱ्याची भरताना भ्या वाटतं." शेडमध्ये जॉबरकी करणारा माणूस तू. दिवसभर बिघडलेल्या लूमच्या पोटात हात घालून बसायचास, त्यामुळे जे बिघडू शकतं ते बिघडणारच, असा तुझा एकूण दुनियेबद्दल हिशेब होता. आई म्हणायची, "पोरीला देवाला नेतोस का लढाईला?"

आणि आश्विनातलं आभाळ म्हणजे लहरी सासूच. पहाटे पायथ्याला गवत दवाने असं भिजलेलं असायचं, की दहा पावलांत पायजम्याचे पाय पोटऱ्यांना चिकटायचे. ऊन चढलं की कातळ तापायचा आणि डोक्यावरून पंचा काढवत नसे. दुपार कलली की कुठून तरी गडगड ऐकू यायची, आणि परतीचा पाऊस एका बाजूने यायचा तर दुसऱ्या बाजूला ऊन तसंच. माथ्यावर वारा असा, की भिजलेला माणूस आश्विनातही कुडकुडायचा. या सगळ्यांतलं उद्या काय होईल हे सांगण्यात तू मात्र पार कच्चा होतास. "आज न्हाय पडनार" असं तू म्हणालास की आई दोरीवरचे कपडे आत घ्यायची. त्यावर तू चिडायचा नाहीस. उलट म्हणायचास, "आभालाचा मना काय कलत न्हाय, म्हनून त सगला घ्याचा." सगळं म्हणजे डोक्याला टोपी आणि पंचा, कोरडी बंडी, लिंबू, मीठ-साखरेची पुडी, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, औषधाच्या रिकाम्या बाटलीत काड्यापेटीच्या काड्या, आणि सुताच्या गोणीतलं ते जाड प्लास्टिक. त्याला मधोमध भोक पाडून तू माझा रेनकोट केला होतास. तो घालून मी सुताच्या कोनासारखीच दिसायचे. पण आतून कोरडी राहायचे, हेही खरं.

मी जरा मोठी झाले आणि तुझी पिशवी भरायचं काम आईकडून माझ्याकडे आलं, त्या वर्षी मी काय केलं, ते आठवून आजही मला हसू येतं. तुझा पंचा जुना, विरलेला. मला वाटलं, बाबाला नवं काही तरी द्यावं. तुझा डबा घेऊन शेडवर गेले होते तेव्हा तुकड्यांच्या ढिगातून मी लूमवरून नुकतंच उतरलेलं कोरं, न धुतलेलं ग्रे कापड उचलून आणलं, जाडजूड, करकरीत. घडी घालून पिशवीत तळाशी ठेवलं. आणि पाऊस आला, ऐन उतारावर. तू मोठ्या विश्वासाने ते डोक्यावर घेतलंस. सूत कडक करायला लावलेली सायझिंगची सगळी कांजी त्यात तशीच होती, हे जॉबरच्या पोरीला कळू नये! पाऊस मुरला तशी ती कांजी तुझ्या कपाळावरून ओघळली, मिशीत उतरली, भुवयांत बसली. आंबूस वास सुटला. तू जीभ लावून चव बघितलीस आणि त्या पावसात खाली बसून हसत सुटलास. "जिंदगी कांजीन गेली, आता डोंगरावं पन सोडत न्हाय." मग ऊन पडलं आणि तुझे केस वाळून पापडासारखे उभे राहिले. एसटीत कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून बघत होता. घरी आल्यावर तू मला एकदाच सुनावलंस, तेही हळू आवाजात. म्हणालास, चांगलं द्यायचं म्हणून देऊ नको, समोरच्याला काय लागतं ते आधी विचार. मला ते लागलं होतं, पण पटलंही होतं. त्यानंतर दर वर्षी पिशवी भरताना मी तुला विचारायचे, "बाबा, आणखी काय लागेल?" आणि तू म्हणायचास, "काय नको. तू भरलंस ना, मंग झाला."

शेवटच्या वर्षी मी कॉलेजात जायला लागले होते. तुझी पिशवी मी अशी भरली होती, की हिमालयात गेला असतास तरी पुरली असती. अर्ध्या वाटेवर, ऐनाच्या झाडाखाली तो सपाट दगड आहे ना, तिथे तू बसलास. मी चार पावलं पुढे जाऊन परत आले. तू आभाळाकडे बघतोयस. बराच वेळ बघतोयस. मग म्हणतोस, "फिरू मागं. वरती गरगरतंय."

आभाळ धुतल्यासारखं निळं आहे. मी म्हणते, "बाबा, एक ढग दाखव. एक." तू म्हणतोस, "तुला न्हाय दिसनार." मी हट्ट धरते, लोंब्या हातात आहेत, वरचा झेंडा इथून दिसतोय. तू उठतोस आणि उतरायला लागतोस. "डोंगर काय पलून जातोय का?" लोंब्या आपण त्या दगडावरच ठेवल्या. मी एसटीत तुझ्याशेजारी बसले नाही, कंडक्टरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि वज्रेश्वरी ते भिवंडी तोंड फुगवून राहिले. पाऊस त्या दिवशी आला नाहीच. पुढच्या पावसाळ्यात तू गेलास.

तू गेल्यावर तुझ्या शेडमधला लूम चालवणारा एक भय्या तुझी पाने-पक्कडींची पिशवी घेऊन घरी आला. दारातच उभा राहिला. खिशातून त्याने एक पंप काढला, दम्याचा, आणि आईच्या हातात न देता माझ्या हातात दिला. म्हणाला, "जॉबर साब का है. इधरीच रखते थे, औजार के साथ. बोले थे घर में बोलने का नहीं, बच्ची घबरा जाएगी." मी त्याला पाणी विचारायचंही विसरले. मला तेव्हा रडू आलं नाही बाबा, राग आला. एवढी वर्षं मी तुझी पिशवी भरत होते. तुला ऊन लागेल, तू भिजशील, तुला थंडी वाजेल, सगळं मी त्यात घातलं, आणि तुला जे खरोखर लागत होतं तेच तू मला कळू दिलं नाहीस. आभाळाला पुढे केलंस. एरवी तुला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि त्या दिवशी एकदम कळायला लागलं! नियम तूच केलास आणि तूच मोडलास. हा राग खूप वर्षं टिकला. डोंगरावर मी त्यानंतर गेलेच नाही.

आता का जातेय ते सांगते. लेकीला बंगळुरूला नोकरी लागली, दिवाळी झाली की ती जाईल. पुढचा आश्विन तिच्या नशिबात इथला असेल की नाही, कोण जाणे. तिच्याबरोबर एकदा तरी माथा गाठायचा, त्या दगडाच्या पुढे जायचं, असं मी मनात धरलं. आणि गंमत बघ, मलाही दमा निघाला. मी पूर्णा गावातल्या एका गोदामात डिस्पॅचला आहे, माल रवाना करायच्या कामावर. तिथे तुझ्या शेडसारखी उडती रुई नाही, पण खोक्यांची धूळ आहे. डॉक्टरांनी चढायला मनाई केलेली नाही. हळू चढा, पंप हाताशी ठेवा, बरोबरच्यांना सांगून ठेवा, एवढंच म्हणाले. पंप हाताशी आहे. बरोबरचीला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं तर ती जाणंच रद्द करेल, ही भीती. संध्याकाळी तिने मोबाइलवर हवामान बघितलं, उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही असं काहीसं त्यात होतं, म्हणजे तुझ्याइतकंच. मग तिने आतून हाक मारली, "आई, तुला आणखी काय लागेल?"

मी म्हणाले, "काही नको. तू भरतेयस ना, झालं."

शब्द तोंडातून गेले आणि माझा हात ओट्यावरच थांबला. आवाजसुद्धा तुझाच निघाला होता. तेव्हा हे लिहायला बसले. वाटलं, तुला चार शब्द सुनावावेत. पण लिहिता लिहिता राग कुठे गेला कळलं नाही. तू त्या दगडावर बसून आभाळाकडे बघत होतास तेव्हा ढग शोधत नव्हतास, श्वास शोधत होतास, आणि शेजारी तुझी पोरगी पाय आपटत होती. तिला घाबरवायचं नव्हतं तुला. एवढंच होतं ना? मला तुझी फार आठवण येते बाबा.

मध्ये मी उठले. आत गेले, आणि पंप तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तो उचलला, टोपण काढून बघितलं, परत लावलं. "किती दिवस?" तिने विचारलं. मी सांगितलं, आणि त्या दगडाची, तुझ्या आभाळाची गोष्टही सांगितली. तिने पिशवीतलं सगळं बाहेर काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं, पंप सगळ्यात वर, बाहेरच्या कप्प्यात. डोळे पुसले, पण मला दिसू नये असे. मी म्हणाले, "मग उद्या राहू दे का?"

"जायचं," ती म्हणाली. "दम लागला की बसायचं, दम लागला असंच म्हणायचं. आजोबांसारखं आभाळाचं नाव घ्यायचं नाही. आणि तू माझी पिशवी भरलीस, तेव्हा मला विचारलंच नाहीस. माझा गुडघा दुखतो उतरताना. पट्टा टाक त्यात."

मला माहीतच नव्हतं. पट्टा शोधून तिच्या पिशवीत टाकला आणि परत इथे येऊन बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, डब्यांच्या मागे राहील. फक्त एक तुला सांगून ठेवते, कारण तुला ते समजेल. तिने "किती दिवस" विचारलं तेव्हा मी म्हणाले, या पावसाळ्यापासून. खरं तर गेल्या दिवाळीपासून आहे.