शाईची खूण

३ मार्च

दादाने आज कारखान्यातून दगड आणला! नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून साहेब म्हणाले, घड्याळ घ्या नाहीतर कपाटातला एक दगड घ्या. दादाने दगड घेतला. "घड्याळ आहे एक. चालतंय."

बोटभर लांब, दोन बोटं रुंद, चपटा. स्पोड्युमिन नावाचं खनिज. दादाच्या कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून रोज ट्रकच्या ट्रक भरून जातो तो हाच. पण तो राखाडी, विटेच्या तुकड्यासारखा, ज्याच्याकडे कोणी वळून बघणार नाही असा. हा गुलाबी आणि आरपार. आमच्या खडे कापण्याच्या धंद्यात याला कुंझाइट म्हणतात. इतका मोठा आणि इतका स्वच्छ मी फक्त चित्रात बघितलाय.

वहिनी तीस एप्रिलला शाळेतून निवृत्त होते. तिच्यासाठी लॉकेट करायचं. "तिला पत्ता लागता कामा नये. आणि चिंगे, पैलू तूच पाडायचेस." अठ्ठेचाळीस वर्षांची चिंगी!

हो म्हणाले. हात मागे घेऊन.

४ मार्च

अक्षर बघा काय आलंय. ओळ डोंगर चढते नि उतरते. गोळीची कृपा. अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ घेते आणि अकरा वर्षं बोटं थरथरतात. फार नाही. बाहेरच्या माणसाला कळणारही नाही. घरात कळतं — मला चहाचा कप अर्धाच भरून देतात. कधी कोणी बोलत नाही, पण अर्धाच.

ॲमेथिस्ट वगैरे खडे जमतात. ते सहन करतात. हा करणार नाही. याच्या अंगात दोन दिशांना फट असते, डोळ्याला न दिसणारी. लाकूड जसं रेषेवर फुटतं तसा फुटतो. कोन मशिन धरतं, पण चकतीवर दाब हाताचाच. एक हिसका बसला की दोन तुकडे.

७ मार्च

आज दिव्याखाली तासभर नुसता बघितला. रुंद बाजूने बघितलं तर पाणी. जेमतेम रंग. आणि टोकाकडून, लांबीतून आरपार बघितलं तर — कानामागे दिवा धरला की पाळी दिसते ना, तसा गुलाबी. एकच दगड!

म्हणून याचं तोंड टोकाकडे ठेवायचं. खडा लहान होतो, बाराएक कॅरेटचा, बाकीचा भुगा होऊन जातो. पण रंग मिळतो. बाबांनी मला या टेबलावर बसवलं तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगितली होती, खडा मोठा करायच्या नादात रंग घालवू नकोस. टोकाला शाईने खूण केली. मग कापसात गुंडाळून डब्यात. उन्हात ठेवला तर रंग उडतो याचा. लाजाळू प्रकरण आहे!

१० मार्च

जेवताना दादा रंगात आला होता. भट्टीत अकराशे अंशांवर दगड फुगतो, ठिसूळ होतो, मग आम्लात, मग शेवटी लिथियमची पांढरी भुकटी. "ती मोबाइलच्या बॅटरीत जाते. न तडकणाऱ्या काचेत जाते. यंत्राच्या ग्रीसमध्ये जाते." मग माझ्याकडे बघून, "आणि तुझ्या गोळीत. कुणी सांगावं, मीच पट्ट्यावर टाकलेला असेल!"

हसलो तिघंही. वहिनी हसतच उठली, पट्टीतून गोळी काढली, पाण्याचा पेला दिला आणि समोर उभी राहिली. रोज असंच. घोट उतरेपर्यंत हलत नाही. शाळेत कवायतीला उभी राहत असेल तशी.

मला राग येतो. कशाचा ते नीट सांगता येत नाही. ती चुकीचं काही करत नाही.

१५ मार्च

साध्या काचेवर सराव केला. तीन तुकडे घेतले. तिन्हींचे टवके उडाले. तिसऱ्याला तर मी श्वास रोखून धरला होता! दादाला सांगावं का, दुसऱ्याकडे दे म्हणून? तो देईल. काही बोलणार नाही. मग घरात कप अर्धा भरतात तसं तेही एक न बोलायचं होऊन बसेल.

वहिनीला मी आयुष्यात काय दिलंय? काहीच नाही. घेतच आले. हा एक खडा मला माझ्या हाताने द्यायचाय. एवढंच.

१८ मार्च

आज गोळी गिळली नाही. जिभेखाली धरली, मग पॉलिशच्या पावडरीच्या डब्यात टाकली. वहिनी समोर उभी होती.

२० मार्च

भीती वाटते. लिहून ठेवते म्हणजे विसरायला नको. अकरा वर्षांपूर्वी मी एका दिवसात बावीस खुर्च्या विकत आणल्या होत्या. घरात माणसं तीन! सगळं शहर आपल्याकडे जेवायला येणार आहे असं मला वाटलं होतं, आणि वाटलं होतं म्हणजे पक्कं ठाऊक होतं. नंतर शहराबाहेरच्या खाणीकडे अनवाणी निघाले. वहिनी मागून आली. तिच्याही पायांत काही नव्हतं, घालायला वेळच मिळाला नसेल. खुर्च्या दुकानदाराने परत घेतल्या नाहीत. आजही प्रत्येक खोलीत चार-चार आहेत.

पण तेव्हा मला या आजाराचं काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. महिनाभराचा प्रश्न. खडा झाला की पुन्हा सुरू करायच्या.

२५ मार्च

हात स्थिर! सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला! काचेचे दोन तुकडे कापले, एक टवका नाही. संध्याकाळी वहिनी म्हणाली, सामानाची यादी लिही, माझा चष्मा सापडत नाही. लिहिली. साखर, साबण, चहा, काड्यापेट्या. छापल्यासारखी आली यादी!

२ एप्रिल

किती वर्षांनी असं वाटतंय! डोक्यावरची गोधडी कोणी तरी काढून घेतली. झोप तीन तास पुरते, उगीच लोक आठ तास लोळतात. कामाच्या खोलीतले सगळे डबे धुतले, चकत्या घासल्या, बाबांची जुनी हत्यारं काढली. आणि दगड — तो माझ्याशी बोलतो असं नाही म्हणणार, मी काही खुळी नाही, पण मला त्याच्या आतलं दिसतं. फट कुठून जाते ते बोटांना कळतं! दादाला म्हटलं, तुमचा कारखाना दगड जाळून पीठ करतो, मी त्याच दगडातून उजेड काढणार. तो म्हणाला, "बरं बरं, जेव आधी." जेवण! वेळ कुणाला आहे?

वहिनी दारात उभी होती. बघत होती.

५ एप्रिल

मोठा शोध लागला! टोकाकडे तोंड का ठेवायचं? सगळे ठेवतात म्हणून? बाबा म्हणाले म्हणून? बाबा भित्रे होते! इतका मोठा दगड, आणि त्याचा बाराच कॅरेटचा मणी करायचा? रुंद बाजू वर घ्यायची. अख्खा दगड राहतो. चाळीस कॅरेट! रंग मी पैलूंनी आणीन, एकशे दहा पैलू पाडीन, उजेड इतका फिरवीन आत की गुलाबी व्हावंच लागेल त्याला. वहिनी शाळेच्या समारंभात उभी राहील आणि शेवटच्या बाकावरून दिसेल!

शाईची खूण पुसली.

९ एप्रिल

झाला!! एक्केचाळीस कॅरेट. एकही टवका नाही. सलग चार दिवस. माझ्या हातून आजवर झालेलं हे सगळ्यात मोठं काम, आणि माझ्याच काय, या शहरात कुणाच्याही! जगातला सगळ्यात सुंदर गुलाबी. रडले. नाचले. डब्यात ठेवला.

११ एप्रिल

वहिनी सकाळी खोलीत आली. हातात यादी. साखर, साबण, चहा, काड्यापेट्या.

"वन्सं," म्हणाली. वन्सं म्हणाली म्हणजे प्रकरण गंभीर! "तीस वर्षं वह्या तपासल्या मी. तुझं अक्षर सरळ आलंय. कधीपासून बंद केल्यास?"

मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवतं, आठवलं नसतं तर बरं होतं. "अकरा वर्षं पहारा केलास, पगार किती मिळाला?" असं म्हणाले. तिने टेबलावर पावडर सांडली होती ती ओल्या फडक्याने पुसली. मग पावडरीचा डबा उघडला. आत गोळ्या. एकेक करून बाहेर काढत बसली, तांदळातले खडे वेचावेत तसं.

"दोन आठवडे झाले मला शंका येऊन," म्हणाली. "तू इतकी खुशीत होतीस. म्हणून विचारवेना. माझंच चुकलं."

तिचं चुकलं!

१२ एप्रिल

दवाखाना. वहिनी सोबत.

२४ एप्रिल

बारा दिवस वहीला हात लावला नाही. गोळ्या पुन्हा सुरू. सुरुवातीला झोपेची आणखी एक होती, ती आता कमी केली. डॉक्टर म्हणाले, "थरथरीवर इलाज आहेत हो. डोस बघता आला असता. विचारायचं होतंत." खरंच, अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारलं तर तक्रार केल्यासारखं होईल असं वाटायचं.

अक्षर पुन्हा हललंय. आधीपेक्षा थोडं कमी.

२६ एप्रिल

आज धीर करून डबा उघडला. खडा भिंगाखाली धरला. काम निर्दोष आहे. कडा धारदार, पॉलिश आरशासारखं, एक ओरखडा नाही.

आणि समोरून रंग नाही! काचेचा तुकडा दिसतो. झुंबरातून पडला असेल असा. नवशिक्या पोरीने सुद्धा ही चूक केली नसती, आणि मी तीस वर्षं या टेबलावर बसतेय. हात स्थिर होता. बघणारी मात्र जागेवर नव्हती. थरथरत्या हाताने मी बरोबर टोकाला खूण केली होती, आणि स्थिर हाताने ती पुसली.

पुन्हा कापता येणार नाही. दिवस चार. आणि खडा पातळ आहे, टोकाकडे तोंड घ्यायला आता अंगच उरलं नाही.

लाज वाटली. बाबांना भित्रे म्हणाले होते त्याची तर जास्तच.

दादाला खरं सांगितलं. त्याने खडा खिडकीकडे धरला, मग कसनुसा हसला. "आमच्या राखाडीपेक्षा बराय की." मग माझी पाठ थोपटली. सोनाराकडे तोच घेऊन गेला. मी निरोप दिला, आडवा बसव, बाजू झाकू नकोस. एवढंच करता येण्यासारखं होतं.

३० एप्रिल

वहिनी शाळेतून फुलं, पिशव्या, डोळे सुजलेले अशी घरी आली. दादाने डबी दिली. तिने उघडली. मी तिला काही बोलूच दिलं नाही — आधीच सगळं सांगून टाकलं. खूण, रंग, टोक, चाळीस कॅरेटची हाव. गोळ्या कशासाठी थांबवल्या तेही. समोरून काच दिसते, मान्य आहे, मला माफ कर. आणि पगाराचं बोलले होते त्याबद्दलही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "चुकांना लाल गोल करायचं काम आज दुपारी सुटलं माझं." आणि गळ्यात घातलं.

जेवणानंतर गोळीची वेळ झाली. ती उठली, पट्टी आणली आणि माझ्या हातात दिली. अख्खी पट्टी. "ही आता तुझ्याकडे ठेव," म्हणाली. "मी दारोगा नाही. मलाही समोर उभं राहायला कधी आवडलं नव्हतं. भीती वाटायची म्हणून उभी राहायचे."

मला अकरा वर्षांत हे सुचलं नव्हतं, की तिलाही भीती वाटत असेल.

१४ मे

सकाळी गोळी माझी मी घेतली. वहिनी समोर नव्हती. माझ्या शेजारी, बावीसांतल्या एका खुर्चीवर, पेपर वाचत बसली होती. मान वर केली नाही. माझा कप काठोकाठ भरलेला होता. थोडा सांडला. ती पान उलटायला जरा पुढे झुकली आणि लॉकेट माझ्या डोळ्यांसमोर आलं — आडवं, टोकाकडून.

इथून पूर्ण गुलाबी दिसतं.