तळमजल्याची प्रोसेस

तळमजला, बेंगळुरू
३ मार्च २०२५

चि. सौ. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू आणि शंतनु एचएसआर लेआउटला बिऱ्हाड हलवणार, हे तुझ्या सासूबाईंनी सांगितलं. सूनबाई, आपल्या छापखान्याचा प्रोग्राम तू लिहिलास. त्यात छापखान्यातल्या गिरीधरनं कन्नड अक्षरांचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, बसवलं, ते कोसळलं आणि अख्खा प्रोग्राम घेऊन गेलं. अठ्ठावीस लग्नपत्रिका बुडाल्या! तेव्हा तू म्हणालीस की प्लगइन आपल्याच घरात राहतं, त्याला घेरी आली की घर पडतं. म्हणून प्रत्येक कामाला वेगळी प्रोसेस, म्हणजे आपापला स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, द्यावी, एकमेकांच्या वस्तूंना हात लावू नये, फक्त निरोप पाठवावेत. छापखान्यात मी मान डोलावली. घरात डोलावणार नाही! घर ही एकच प्रोसेस! पडू तर सगळे पडू!

तुझ्या सिद्धांताची फजिती दाखवण्यासाठी उद्यापासून दोन्ही मजले वेगळे. हाका बंद. निरोप लेखी, जिन्यातल्या डब्यात.

लोभ जिना चढत राहो.
अण्णा

वरचा मजला
५ मार्च

ती. अण्णांना सा. न.

मिठाची बरणी वरच राहिली, त्यासाठीचा तुमचा अर्ज मिळाला. किती हवं ते लिहिलेलं नाही, म्हणून परत पाठवते आहे. प्रोसेसला अंदाज बांधता येत नाही. शंतनु दोन्ही मजल्यांवर जेवतो. आपल्याला दोन्हीकडची परवानगी आहे असं त्याचं म्हणणं. आई चहाला वर येतात. नियम दाखवला तर म्हणाल्या, मी कुणाचीच प्रोसेस नाही.

रागावलात तरी लेखी रागवा.
आपली मुग्धा

तळमजला
७ मार्च

चि. सौ. मुग्धा हिस आशीर्वाद.

तीन दिवस भातावर अळणी सारू! हेच तुझं वेगळेपण! प्लगइन असतीस तर हात पुढे केला की मीठ मिळालं असतं. सुधारित अर्ज: दोन चमचे. उत्तर येईपर्यंत मी इतिहासजमा झालेला असेन.

लोभ चवीपुरता असावा.
अण्णा

न्हाणीघर
९ मार्च, सकाळी सव्वादहा

चि. सौ. मुग्धा हिस,

कडी अडकली आहे. तुझ्या सासूबाई बाजारात गेल्या आहेत. ओरडलो असतो, पण नियम माझाच. जिना समोरच आहे, म्हणून पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहून दाराखालून सरकवतो आहे. घाई स्वल्पच आहे.

अण्णा

वरचा मजला
९ मार्च, दुपार

ती. अण्णांना सा. न.

तुमचं मीठ डब्यात ठेवायला उतरले, म्हणून कागद दिसला. शंतनुनं स्क्रू काढले तोवर साडेबारा वाजले होते. आतून तुम्ही एकत्र कुटुंबावर भाषण चालू ठेवलंत, ते आम्ही पूर्ण ऐकलं. फक्त एक विचारते: घर खरंच एकच प्रोसेस असतं, तर आम्हीही आतच अडकलो असतो. मग कडी बाहेरून कुणी काढली असती?

थंडगार पाण्यात बसला होतात, काढा घ्या.
आपली मुग्धा

तळमजला
११ मार्च

चि. सौ. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

दोन दिवस काढा घेतला. घर एकच प्रोसेस नाही, हे लेखी कबूल. सरी, ठीक आहे, जा एचएसआरला. या घराची एक किल्ली तुझ्याकडे राहील, तुमची एक माझ्याकडे. तुम्ही आत अडकलात तर मी बाहेर हवा.

नव्या घरात आधी मीठ न्यायचं असतं. बाजारातून आणून डबा भरून जिन्यात ठेवला आहे. किती हवं ते तू लिहिलं नव्हतंस. मी अंदाजानं भरला.

लोभाला मजले नसावेत.
अण्णा