ताई, तू बारीक होत होतीस तेव्हा

प्रिय ताई,

आज राखी. सकाळीच डॉक्टरदादा आले, तू गेल्यापासून पहिल्यांदाच. पाटावर बसले, हात पुढं केला आणि म्हणाले, "ताई नाहीत, आता तूच बांध शोभा." माझ्याच्यानं ताट उचललं गेलं नाही. का, ते त्यांना तोंडावर सांगितलं. तुला सांगायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसले.

तुझे मानलेले भाऊ ते! मुकुंदवाडीत दवाखाना टाकला त्या वर्षापासून तू त्यांना राखी बांधलीस. दुसऱ्या डॉक्टरकडं चल म्हणलं की तुझा एकच हेका, "नको बाई, त्यांना काय वाटंल?" त्यांना काय वाटंल! आणि तुला काय होतंय, त्याचं काय?

पोट जड वाटतं, दोन घासांत भरतं, असं दोन वर्षं सांगत होतीस. दोनदा तर मीच सोबत होते. दादा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "ताई, आधी वजन उतरवा, सगळी दुखणी पळतील." काट्यावरचा आकडा कंपाउंडर सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा ओरडायचा. ब्याण्णव! आणि तू पदर सावरत हसायचीस. त्या हसण्याचा मला लई राग यायचा. रिक्षावाल्याला भर रस्त्यात झापणारी तू, तिथं कशी गं मुकी व्हायचीस?

मग तू बारीक व्हायला लागलीस. दंड उतरले, गळा उतरला. एक दिवस कंपाउंडर ओरडला, "चौऱ्याऐंशी!" दादांनी टाळी वाजवली. "शाब्बास ताई! बाकीच्यांनी शिका यांच्याकडून." बाकावरच्या बायकांनी वाजवली. खोटं कशाला बोलू, मीही वाजवली. तिथून आपण गुलमंडीला गेलो, तीन ब्लाउजपीस घेतले, जुने अंगात लोंबत होते म्हणून. किती खूश होतीस तू! पण पोट मात्र फुगत होतं, परकराची नाडी आठवड्याआड सैल बांधावी लागत होती, हे मला का नाही बोललीस?

तुला जेवण जात नव्हतं ताई. आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो.

चक्कर येऊन पडलीस तेव्हा कुठं तुला दुसरीकडं नेलं. सोनोग्राफीच्या मॅडमनी पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "इतके दिवस कुणीच बघितलं नाही?" अंडाशयातली गाठ पोटभर पसरली होती. चार महिन्यांत तू गेलीस.

आज मी दादांना तेच विचारलं. "दोन वर्षांत एकदा तरी तिच्या पोटाला हात लावला होता का?"

ते खाली बघत म्हणाले, "अगं, एवढ्या चरबीतून हाताला काय लागणार होतं?"

ऐकलंस? ज्याला वाईट वाटू नये म्हणून तू जीव घालवलास, तो हे बोलला! मी म्हणलं, "चहा घ्या आणि निघा." चहा न घेताच उठले. दारात वळून म्हणाले, "तूही जरा वजनाचं मनावर घे गं." काळजीनंच म्हणाले असतील. मी दार लावलं आणि ढसाढसा रडले.

कारण एक गोष्ट मीही लपवलीय. मॅडमनी तेव्हाच बजावलं होतं, बहिणीनंही तपासून घ्यायचं. आठ महिने झाले, मी गेले नाही. आपला बांधा एकच ना गं! तिथंही कुणीतरी आकडा ओरडेल आणि माझं बोलणं तिथंच संपेल, याची भीती. तुला मुकी म्हणते, पण मी तरी कोणती मोठी शूर?

सोमवारी जाते. वचन देते तुला. "वजन कमी करा" म्हणाले तर म्हणेन, करते, पण आधी पोटाला हात लावून बघा. बाहेर कितीही रांग लागू दे, नीट तपासल्याशिवाय मी त्या टेबलावरून उठणार नाही. तुझ्या वाट्याचं भांडणही मीच भांडेन.

तुझ्यावर अजून रुसलेली,
शोभा