फुग्याच्या बाह्या

बाबा,

आपल्या घरातली एक गोष्ट मी तुम्हाला न विचारता एका परक्या बाईला सांगून टाकली. इतकी वर्षं ती आपल्या दोघांतच होती, आणि खरं तर मलाही ती गेल्या महिन्यापर्यंत उमगली नव्हती. म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीच शोधत होते, त्यामुळे मी पुढं काय करते हे तुम्हाला ठाऊक नाही. मी वस्त्यांवर फिरून लहान लेकरांची वजनं घेते, उंची घेते, दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळून घेर बघते. हिरव्यावर आली तर ठीक, पिवळ्यावर आली तर काळजी, लालवर आली तर दवाखाना. शेवटी टेपच हातात घेतलीस की, असं म्हणून तुम्ही हसला असतात. शहागंजातल्या आपल्या दुकानात तुम्ही मापं घ्यायचात आणि मी पाटावर बसून ती लिहायचे. एकदा एका जाड्या बाईच्या कमरेचा आकडा मी मोठ्यानं परत म्हटला आणि दुकानातली माणसं हसली. ती गेल्यावर तुम्ही कात्री खाली ठेवून म्हणालात, "माणसाला चारचौघांत मोजायचं नसतं." मला वाटलं, गिऱ्हाईक तुटेल म्हणून रागावताय. तेव्हा मी फुरंगटून बसले होते, तेही आठवतं.

गेल्या महिन्यात हर्सूलच्या पुढं, बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत गेलो होतो. काम बंद पडलेलं, बऱ्याच घरांत चूल एकदाच पेटत होती. एक तरुण बाई तिची दीड वर्षाची मुलगी घेऊन रांगेत उभी होती. भर उन्हात त्या लेकराच्या अंगात लांब बाह्यांचा लोकरी स्वेटर. मी बाही वर सरकवली, पट्टी गुंडाळली, आणि लिहून घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला सवयीनं ओरडून आकडा सांगितला, वर "लाल" असंही म्हणाले. आजूबाजूच्या बाया वळून बघायला लागल्या. एक जण चुकचुकली. त्या आईनं बाही खाली ओढली, पोरीला उचललं आणि जाऊन पत्र्याचं दार लावून घेतलं. दवाखान्यात भरती केलं नाही तर पोर हाती लागणार नाही, हे अंगणवाडीच्या ताईंनी आणि मी दारातून परोपरीनं सांगितलं. आतून एवढंच आलं की आमचं लेकरू बारीक अंगाचंच आहे.

परतताना रिक्षात डोळ्यांपुढून तो स्वेटर हलेना. आणि एकाएकी मला माझे फ्रॉक आठवले. तुम्ही कात्रणं जोडून शिवायचात ते, प्रत्येकाला कोपरापर्यंत फुग्याच्या बाह्या, आतून कडक अस्तर लावून फुगवलेल्या. गल्लीतल्या पोरी हेवा करायच्या आणि माझे बाबा फॅशनचं शिवतात म्हणून मी मिरवायचे. आई गेल्यानंतरची ती वर्षं. दुकानात काम नव्हतं, डब्यात पीठ नव्हतं. मी रोज दंड मोजणारी बाई, आणि मला हे इतक्या उशिरा कळावं? खायला घालता येत नव्हतं म्हणून तुम्ही माझे हात झाकत होतात, बाबा. मला तुमचा फार राग आला. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले, पट्टी न घेता. तिच्या उंबऱ्यावर बसले आणि तिला तुमच्या बाह्यांची गोष्ट सांगितली. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता ऐकत होती. मग म्हणाली, "तुमी वाचल्या कशा मंग?"

मी तिला शेजारच्या मावशीसारख्या खालांबद्दल सांगितलं. रोज दुपारी त्या खिडकीतून हाक मारायच्या, बेटा, जरा सालन का नमक देख ले. रश्श्याचं मीठ बघायला एक चमचा पुरतो, पण त्या ताट भरून वाढायच्या आणि मी खाऊन होईपर्यंत पाठ फिरवून काहीतरी पुसत राहायच्या. मला वाटायचं, माझ्या जिभेवर त्यांचा भारी भरवसा आहे.

"त्यांना बाहीच्या आतलं दिसलं होतं," मी म्हणाले. "कुणाला तरी दिसलं, म्हणून वाचले."

"लोकं म्हणतील, हिनं लेकराला खाऊ घातलं नाय."

लोक म्हणतातच. आदल्या दिवशी मीच त्यांच्या तोंडात शब्द घातला होता, तेवढी माफी मी मागितली. तिनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग विचारलं, दवाखान्यात आईला राहू देतात का. देतात, म्हटलं. तशी ती उठली आणि पिशवी भरायला लागली.

पोर आता बरी आहे. वॉर्डात बिनबाह्यांच्या झबल्यात बसते, वाटी संपली की हात आपटते. तिची आई मला सगळ्यांसमोर सांगते, आज किती खाल्लं ते.

बाबा, तुमची अब्रू उघडी केली म्हणून माफी मागायला हे पत्र सुरू केलं होतं, आणि थोडं तुमच्याशी भांडायलाही. आता दोन्ही होत नाही. आमच्या कामात प्रत्येक घरात विचारावं लागतं, काल सकाळपासून काय काय खाल्लं. कुणी टाळलं तर मी आडून विचारते, थांबते, पण उत्तर घेतल्याशिवाय उठत नाही. त्या वर्षांत दुपारी मी खालांकडून पोटभर जेवून यायचे तेव्हा तुम्ही मशीनवर वाकलेले असायचात, अंगात बारा महिने लांब बाह्यांचा सदरा. तुम्ही काही खाल्लंत का, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.